फरशीखालचं पाणी कोण वाटतं? एका छोट्या व्हॉल्व्हमुळे बदललेला संशोधन-प्रश्न



पीएचडीच्या तयारीला लागलेले तुमच्यापैकी बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात: "विषय सापडलाय, पण प्रश्न सापडत नाही. काय करू?" या वेळी मी नियमांची यादी देणार नाही. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण कसं कोसळलं आणि अंगठ्याएवढ्या एका व्हॉल्व्हमुळे ते पुन्हा कसं उभं राहिलं, ते सांगते. गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण घाबरू नका. अकरावीच्या भौतिकशास्त्रापलीकडे काही लागणार नाही.

माझा विषय तंत्रज्ञानाचा इतिहास, आणि त्यात घरं गरम ठेवण्याच्या व्यवस्था. हे प्रकरण होतं फरशीखालून घर गरम करण्याबद्दल. आपल्याकडे पंखा आणि कूलरची काळजी, तिकडे थंड देशांत उलटं. तिथे अनेक घरांत फरशीखालच्या कोब्यात पाइपांची वेटोळी गाडलेली असतात. त्यांतून कोमट पाणी फिरतं आणि पायाखालची जमीनच हळूहळू खोली गरम करते. भिंतीवर रेडिएटर नाही, शेगडी नाही, काहीच दिसत नाही.

मी ३८ पानं लिहिली होती. सुरुवात रोमपासून, मग कोरिया, मग अमेरिकेतला वास्तुकार फ्रँक लॉइड राइट, शेवटी प्लास्टिकचा पाइप. कोणी आधी केलं, कोणी नंतर केलं, सगळं ओळीने. मार्गदर्शकांनी वाचून पहिल्याच पानावर लिहिलं, "ही वंशावळ झाली. इतिहास कुठे आहे?" शिष्यवृत्ती संपायला तेव्हा आठ महिने उरले होते. खरं सांगते, दोन दिवस मी ती फाइल उघडलीच नाही.

थंड राहिलेली खोली

त्याच हिवाळ्यात जुने कॅटलॉग बघायला मी युरोपातल्या एका छोट्या गावात राहत होते. भाड्याच्या घरात फरशीखालची हीटिंग होती. म्हटलं, वा, आपल्याच विषयावर आपण झोपणार! पण माझी खोली टोकाची, आणि ती काही केल्या तापेना. स्वयंपाकघर आणि हॉल मात्र इतके गरम की खिडकी उघडावी लागायची.

घरमालकीणबाईंनी प्लंबरला बोलावलं. वयस्कर माणूस. मला वाटलं, आता हे काका बॉयलर वाढवतील. त्यांनी बॉयलरला हातही लावला नाही. पॅसेजमधलं एक कपाट उघडलं. आत पितळेच्या दोन आडव्या नळ्या होत्या, एक वर, एक खाली, आणि प्रत्येक नळीला पाच-सहा पाइप जोडलेले. वरच्या नळीवर प्रत्येक पाइपापाशी काचेची छोटी नळी, आत लाल खूण. काकांनी स्वयंपाकघर आणि हॉल यांचे व्हॉल्व्ह थोडे थोडे बंद केले. माझ्या खोलीचा व्हॉल्व्ह तर पूर्ण उघडाच होता, त्याला काही केलंच नाही. "उद्या सकाळी बघा," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी खोली गरम!

एक खोली गरम करायला त्यांनी दुसऱ्या दोन खोल्यांचं पाणी कमी केलं होतं. मी त्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिले. माझ्या ३८ पानांत या पितळी नळीबद्दल एक वाक्यसुद्धा नव्हतं.

आधी कपाटात काय आहे ते बघू

पुढचं समजायला चार वस्तू माहीत हव्यात.

पहिली, ती पितळी नळी. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. बॉयलरकडून आलेलं पाणी इथे फुटतं आणि प्रत्येक खोलीच्या वेटोळ्यात जातं. खालच्या नळीत ते परत गोळा होतं. आपल्याकडे कालव्याचं पाणी चाऱ्यांमध्ये फुटतं, तसंच समजा.

दुसरी, समतोल साधणारा व्हॉल्व्ह. पाणी नेहमी सोप्या वाटेने जातं. समजा, एक वेटोळं ४० मीटरचं आहे आणि दुसरं १०० मीटरचं. पाइप तोच, दाब तोच. तर छोट्या वेटोळ्यात मोठ्याच्या दीडपटीहून जास्त पाणी घुसतं. गरज मात्र बहुधा उलटी असते, कारण लांब वेटोळं मोठ्या खोलीचं असतं. म्हणून छोट्या वाटेवर मुद्दाम अडथळा घालायचा. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळायचं असेल तर वरच्यांची दारं वेळेवर बंद व्हावी लागतात. हे तुम्हाला मी काय सांगावं! काचेची नळी म्हणजे फ्लो मीटर. मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते ती दाखवते. हिशोबही सोपा आहे. खोलीला १००० वॅट उष्णता हवी असेल आणि पाणी ५ अंशांनी थंड होऊन परत येणार असेल, तर मिनिटाला साधारण २.९ लिटर पाणी लागतं.

तिसरी, मिक्सिंग व्हॉल्व्ह. रेडिएटरला ७० अंश सेल्सिअसचं पाणी चालतं. फरशीला चालत नाही, पाय भाजतील आणि कोबाही तडकेल. फरशीला हवं ३५ ते ४५ अंशांचं. मग काय करायचं? खोलीतून परत आलेलं थंडावलेलं पाणी गरम पाण्यात मिसळायचं. ७० अंशांचं २ लिटर आणि ३५ अंशांचं ५ लिटर एकत्र केलं की ४५ अंशांचं ७ लिटर मिळतं. अंघोळीच्या बादलीत आपण हेच करतो. फक्त इथे विसण घालायचं काम व्हॉल्व्ह करतो.

चौथी, थर्मोस्टॅटच्या हुकमावर वेटोळं उघडणारी-बंद करणारी टोपी. तिला अॅक्च्युएटर म्हणतात. तिची गोष्ट पुढे येईल.

आता या चार वस्तू डोळ्यांसमोर ठेवून तोच इतिहास पुन्हा वाचू.

रोम आणि कोरिया: ऊब होती, वाटप नव्हतं

रोमन स्नानगृहांत फरशी विटांच्या छोट्या खांबांवर उचललेली असे आणि खालून भट्टीची गरम हवा आणि धूर फिरत असे. यालाच हायपोकॉस्ट म्हणतात. पाठ्यपुस्तकात "फरशीखालच्या हीटिंगचा उगम" म्हणून हेच येतं, आणि मीही तसंच लिहिलं होतं.

पण नियंत्रणाचा प्रश्न घेऊन विट्रुव्हिअस पुन्हा वाचला तेव्हा एक तपशील दिसला, जो आधी मी चक्क ओलांडून गेले होते. घाम काढायच्या खोलीच्या घुमटाला मधोमध भोक ठेवावं आणि तिथे साखळीने कांस्याची तबकडी टांगावी, असं तो सांगतो. तबकडी वर-खाली करून खोलीचं तापमान राखायचं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा नुसती आग पुरत नव्हती, आग आवरणारी वस्तूही लागत होती. ती वस्तू चालवायला मात्र माणूस उभा असे.

कोरियातली ओंदोल पद्धत याहून बोलकी आहे. शेजारच्या स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर दगडी फरशीखालच्या नाळ्यांतून फिरून पलीकडे बाहेर पडतो. साहजिकच चुलीजवळची बाजू जास्त तापते, लांबची कमी. गरम बाजूला आरॅन्मोक म्हणतात, थंड बाजूला विन्मोक. मग गरम जागा कुणाची? घरातल्या वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची.

इथे जरा थांबा. उष्णता सारखी वाटण्याचं साधन नव्हतं, म्हणून ते काम रीतिरिवाजाने केलं. यंत्राने उष्णता माणसाकडे नेली नाही, तर माणसाला त्याच्या मानाप्रमाणे उष्णतेजवळ बसवलं. आजच्या कोरियन फ्लॅटमध्येही ओंदोल आहे, पण आता फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत आणि सगळी फरशी जवळपास सारखी तापते. आरॅन्मोक हा शब्द उरला, पण ती जागा खोलीत दाखवणं अवघड झालंय. "ओंदोल कधीपासून आहे?" या प्रश्नातून हे कधीच सापडलं नसतं. "उष्णता कोण वाटत होतं?" असं विचारल्यावर सापडलं.

कोंबडीची पिल्लं आणि आपोआप चालणारी झडप

माणूस उभा न करता तापमान राखणारी पहिली यंत्रं घरासाठी बनलेली नाहीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने अंडी उबवायची भट्टी बनवली. तापमान वाढलं की आतला अल्कोहोल फुगायचा, पारा सरकायचा आणि हवेची झडप बंद व्हायची.

पुढे १७८३ मध्ये फ्रान्समध्ये बोनमँ याने असाच एक नियंत्रक केला. शिसं लोखंडापेक्षा जास्त फुगतं. शिशाच्या नळीत लोखंडी दांडा बसवला की तापल्यावर दोघांच्या लांबीत फरक पडतो आणि त्या फरकाने झडप हलते. बोनमँच्या यंत्रात पाइपातून गरम पाणीच फिरत होतं. त्याचाही उद्योग अंडी उबवण्याचा. 'थर्मोस्टॅट' हा शब्द अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने १८३० च्या आपल्या पेटंटमध्ये वापरला. त्याच्या साधनात दोन धातूंची जोडपट्टी होती, जी तापल्यावर वाकायची.

अंड्याला एक-दोन अंशांचा फरक चालत नाही, माणसाला चालतो. म्हणून अचूक नियंत्रण आधी अंड्यांसाठी आलं. बघा, एखाद्या वस्तूचा इतिहास शोधताना ती आज जिथे दिसते तिथेच शोधलं तर तिचा जन्म हातातून निसटतो.

पाणी ढकलणार कोण? एक छोटा हिशोब

आता मुख्य प्रश्न. एकोणिसाव्या शतकात युरोपात गरम पाण्याने इमारती तापवणं सुरू झालं होतं, पाइप होते, बॉयलर होते. मग पाण्याने तापणारी फरशी घरोघर का गेली नाही?

माझ्या पहिल्या खर्ड्यात उत्तर होतं, "लोकांना कल्पना सुचली नाही." हे उत्तर आळशी आहे. सुचली होती. १९०७ मध्ये ए. एच. बार्कर या इंग्रज अभियंत्याने बारीक पाइप प्लास्टरमध्ये गाडून खोली गरम करण्याचं पेटंट घेतलं होतं.

मग मी कागद-पेन्सिल घेतली. त्या काळी पाणी फिरवायला बहुतेक ठिकाणी पंप नसे. गरम पाणी हलकं म्हणून वर जातं, थंड जड म्हणून खाली येतं, एवढ्या जोरावर सगळं चालायचं. ८० अंशांचं पाणी वर जातंय आणि ६० अंशांचं खाली येतंय असं धरलं, तर दर मीटर उंचीमागे फक्त ११ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब मिळतो. जाड पाइप आणि उंच इमारत असेल तर तेवढ्यावर रेडिएटर चालतात.

फरशीचं काय? पाणी ४५ अंशांचं जातंय, ३५ अंशांचं परत येतंय. घनतेतला फरक आणखी कमी, दर मीटरमागे जेमतेम ४ मिलिमीटर. तीन मीटर उंचीचे झाले १२ मिलिमीटर. आणि १०० मीटरच्या बारीक वेटोळ्यातून मिनिटाला २ लिटर पाणी ढकलायला लागतात साधारण १३०० ते १४०० मिलिमीटर. शंभर पटीचा फरक!

हा हिशोब झाल्यावर मला हसूच आलं. कल्पना, पाइप, बॉयलर, सगळं असूनही बारीक पाइपाची फरशी नुसत्या हलक्या-जड पाण्यावर फिरूच शकत नव्हती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये विल्हेल्म ओपलँडर याने पाइपाच्या वळणातच छोटा पंखा बसवून पाण्याला वेग देणारा पंप तयार केला. असे पंप स्वस्त आणि छोटे होत गेले, तसा हा मार्ग मोकळा झाला. माझ्या वंशावळीत या पंपाला जागाच नव्हती, कारण तो 'फरशीखालची हीटिंग' या नावाखाली कुठेच येत नाही.

राइटचं घर आणि लेव्हिटटाउनची गळती

फ्रँक लॉइड राइटची गोष्ट वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. जपानमध्ये एका श्रीमंत यजमानाकडे, थंडीने कुडकुडत जेवून झाल्यावर, त्याला 'कोरियन खोली'त नेलं आणि तिथली ऊब त्याला विसरता आली नाही, असं तो स्वतः सांगतो. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला बांधलेल्या जेकब्स घरात त्याने काँक्रीटखाली लोखंडी पाइप टाकले.

माझ्या पहिल्या खर्ड्यात या घराला सहा पानं होती, आणि लेव्हिटटाउनला एक परिच्छेद. आता आकडे बघा. जेकब्स घर एक. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात बांधलेली घरं १७ हजारांहून जास्त. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी स्वस्त घरं. तळघर नाही, सरळ काँक्रीटचा कोबा आणि त्यात तांब्याच्या पाइपांची वेटोळी. सामान्य माणसाच्या घरात तापती फरशी एवढ्या मोठ्या प्रमाणावर गेली ती इथे.

आणि पुढे काय झालं? काही वर्षांनी तांबं कोब्यात गंजलं, पाइप गळू लागले. कोब्यात गाडलेला पाइप दुरुस्त करायचा म्हणजे घर फोडायचं. अनेकांनी फरशीचा नाद सोडून भिंतीकडेने नवीन हीटर लावून घेतले. कॅलिफोर्नियातल्या आयकलर घरांमध्येही गळतीची हीच कहाणी.

गळतीइतकीच दुसरी अडचण नियंत्रणाची. काँक्रीट सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. रात्री थंडी म्हणून पाणी सोडलं, सकाळी लख्ख ऊन पडलं, तरी पाणी बंद करून उपयोग नाही. कोब्यात साठलेली उष्णता बाहेर यायचीच. माझ्या प्लंबर काकांनी "उद्या सकाळी बघा" का म्हटलं होतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. इन्सुलेशन कमी असलेल्या जुन्या घरांत तर खोली गरम व्हायला फरशी फारच तापवावी लागे, आणि मग पाय जड होतात, सुजतात अशा तक्रारी यायच्या. तापत्या फरशीचं नाव बराच काळ वाईट झालं ते यामुळे. आज युरोपीय मानक ईएन १२६४ प्रमाणे नेहमीच्या वावराच्या जागेत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. हा आकडा म्हणजे त्या जुन्या तक्रारींना मिळालेलं उत्तरच आहे असं समजा.

प्लास्टिक आलं, गंजही आला

१९६८ मध्ये जर्मनीत थॉमस एंगेल याने पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींत गुंफून उष्णता सोसणारं प्लास्टिक बनवण्याची पद्धत काढली. १९७२ पासून स्वीडनमधल्या विर्सबो कंपनीने त्याचे पाइप बनवायला घेतले. हा पाइप गंजत नाही, वाकवता येतो, आणि एका खोलीचं अख्खं वेटोळं एकाच तुकड्यात, सांध्याशिवाय टाकता येतं. प्रश्न मिटला?

नाही. प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. पाइप गंजत नाही, पण पाण्यात मिसळलेला ऑक्सिजन बॉयलर, पंप अशा लोखंडी भागांना गंजवतो. त्या गंजाचा काळा गाळ फिरत फिरत कुठे अडकतो? सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये. म्हणून पाइपावर ऑक्सिजन अडवणारा थर द्यावा लागला, आणि जर्मनीत डीआयएन ४७२६ या मानकाने किती ऑक्सिजन चालेल त्याची मर्यादा घातली.

दरम्यान १९७३ चं तेलसंकट आलं. १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीने नव्या घरांच्या इन्सुलेशनचे नियम लागू केले. घरातून उष्णता कमी निसटू लागली, तशी फरशी कमी तापवून भागू लागलं. २९ अंशांची मर्यादा जुन्या गळक्या घरात पाळली असती तर माणसं गारठली असती. नव्या घरात ती सहज पाळता आली. पाइप, पंप, इन्सुलेशन, नियम आणि कपाटातला तो मॅनिफोल्ड एकत्र आले तेव्हा कुठे तापती फरशी साध्या घरात टिकली.

मोटारीतून आलेली मेणाची टोपी

आता चौथी वस्तू, व्हॉल्व्हवरची टोपी. खोली पुरेशी तापली की तिथलं पाणी थांबवायचं, तेही कुणी न उठता.

रेडिएटरसाठी हे काम डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेनने केलं. त्याची डॅनफॉस कंपनी १९३३ ची, आणि सुरुवातीचा धंदा होता रेफ्रिजरेशनच्या व्हॉल्व्हचा. म्हणजे थंड करण्याचा! १९४३ मध्ये त्याने रेडिएटरवर बसणारा थर्मोस्टॅट केला, जो १९५२ पासून बाजारात आला. खोली तापली की आतली भरलेली डबी फुगते, पिन दाबली जाते, पाणी कमी होतं. वीज लागत नाही.

पण फरशीचे व्हॉल्व्ह खोलीत नसतात, पॅसेजमधल्या कपाटात असतात. कपाटाच्या तापमानावरून खोलीचं कळणार कसं? म्हणून खोलीतला थर्मोस्टॅट तारेने निरोप देतो आणि कपाटातल्या टोपीत वीज जाते. तिथे बहुतेक वेळा मोटार नसते. असतो मेणाचा गोळा. वीज मेण तापवते, मेण वितळताना फुगतं, पिन सरकते, व्हॉल्व्ह उघडतो. दोन-चार मिनिटं लागतात, पण ज्या फरशीला तापायला काही तास लागतात तिला चार मिनिटांची काय घाई?

मेणाने झडप हलवण्याची ही युक्ती १९३४ मधली, सर्जियस व्हर्ने याची. आणि ती गाजली कुठे? मोटारीच्या इंजिनात. गाडीच्या रेडिएटरकडे पाणी कधी सोडायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट मेणावरच चालतो. म्हणजे या कपाटात उबवणुकीच्या भट्टीचा विचार आहे, फ्रिजवाल्या कंपनीचा अनुभव आहे आणि मोटारीची युक्ती आहे. वंशावळीत एक बाप आणि एक मुलगा असतो. इथे सगळं गावच आहे.

तर मग तुम्ही काय करायचं?

नवा खर्डा मी "फरशीखालची हीटिंग कोणी शोधली?" या प्रश्नावर लिहिला नाही. प्रश्न घेतला, "ती इतका काळ टिकत का नव्हती, आणि टिकली तेव्हा नेमकं काय बदललं होतं?" पानं ३८ ची २९ झाली. राइट सहा पानांवरून दीड पानावर आला, लेव्हिटटाउन आठ पानांवर गेलं. मार्गदर्शकांनी परत पाठवताना चुका भरपूर काढल्या, पण या वेळी त्या पुराव्याच्या चुका होत्या, प्रश्नाच्या नव्हत्या. हा फरक तुम्हीही एक दिवस अनुभवाल, आणि तेव्हा लाल शाईचंही बरं वाटेल.

या सगळ्यातून मी शिकले ते थोडक्यात.

एक, "पहिलं कोण?" हा प्रश्न वाईट नाही, पण तिथे थांबू नका. "सुचलं असूनही झालं का नाही?" हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला कारणं लागतात, आणि इतिहास कारणांचा असतो.

दोन, लिहिण्याआधी छोटा हिशोब करून बघा. "लोकांना सुचलं नाही", "समाज तयार नव्हता" अशी वाक्यं पेनातून आली की सावध व्हा. माझं एक असं वाक्य १२ आणि १३०० या दोन आकड्यांनी खोडलं.

तीन, वस्तूचं नाव सोडून तिचं काम शोधा. 'फरशीखालची हीटिंग' एवढंच शोधत राहिले असते तर अंडी, फ्रिज आणि मोटार कधीच सापडले नसते.

चार, साधनं निवडताना लक्षात ठेवा: पेटंट सांगतं दावा काय होता. मानक सांगतं आधी काय बिघडत होतं. बसवणाऱ्यांसाठीची पुस्तिका सांगते रोज काय करावं लागे. आणि दुरुस्तीच्या पावत्या सांगतात प्रत्यक्षात काय झालं. मी आधी फक्त पेटंटं वाचत होते.

पाच, ज्याचा हात त्या वस्तूला रोज लागतो त्याला विचारा. त्या प्लंबर काकांना मी दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. दीड तास बोलले. कोणत्याही कॅटलॉगमध्ये नसलेली गोष्ट त्यांनी सांगितली: लोक थंड खोलीची तक्रार करतात तेव्हा ते आधी गरम खोलीत जातात.

आता तुमची पाळी. तुमच्या विषयात पाणी असेल, पैसा असेल, जमीन असेल, शब्द असतील. काहीतरी कुठून तरी कुठेतरी वाहत असणार. सोसायटीच्या टाकीपासून गावच्या नळयोजनेपर्यंत आपण सगळे पाण्याची वाट बघताना टाकीकडे बघतो, चावी फिरवणाऱ्याकडे नाही. एका कागदावर तीन ओळी लिहा: माझ्या विषयात काय वाहतं? ते कुठे अडतं? अडवणारी चावी कुणाच्या हातात आहे? तिसरी ओळ लिहिताना अडखळलात तर निराश होऊ नका. बहुतेक वेळा तुमचा प्रश्न तिथेच असतो.